डाग दिसायच्या आधी

विमलमावशी, आधी माफी मागतो. तुझ्यावर लिहायचा हक्क माझा नाही. सुनिता तुझी मुलगी आहे. मोहिनीभाभींकडे तू वीस वर्षं पापड लाटलेस. चाळीतल्या बायका तुझ्याबरोबर नळावर उभ्या राहिल्या. लिहायचंच तर त्यांनी लिहायला हवं. पण त्या लिहीत नाहीत आणि मी लिहितो, म्हणून हे माझ्याकडे आलं. आपल्या चाळीत असंच होतं. रेशनकार्डाचा अर्ज असो, लग्नाची पत्रिका असो, कोणीतरी म्हणतं, प्रकाशला हाक मारा, तो शिकलेला आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात तेच झालं. भन्तेजींचं संपलं आणि मागून आवाज आला, प्रकाश दोन शब्द बोलेल. मी उभा राहिलो. मावशी कष्टाळू होती, कोणाच्या अडीअडचणीला धावून जायची, असं बोललो. त्यात खोटं काही नव्हतं. पण समोर सुनिता मांडीवर पोराला घेऊन बसली होती, आणि तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं की मी काय बोलत नाहीये. ते इथे लिहितो. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

कुठून सुरू करू? विठ्ठलवाडीच्या चाळीत तुझं आणि आमचं दार समोरासमोर. आमच्या खोलीत सहा माणसं, तुझ्या खोलीत तू आणि सुनिता. म्हणून आठवीपासून माझं दप्तर तुझ्याकडेच असायचं. सकाळी तू निर्वासितांच्या जुन्या चार नंबर कॅम्पातल्या मोहिनीभाभींच्या दुकानातून उडदाच्या पिठाचा गोळा आणायचीस, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, मिरीचा वास येणारा. दुपारपर्यंत लाटून व्हायचं. मग गॅलरीत खाटेवर जुनी साडी अंथरून पापड वाळत पडायचे आणि कावळे हाकायला मी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पुस्तक.

"मोठ्याने वाच," तू म्हणायचीस. "कावळे पण पळतील आणि मला पण कळेल."

पुस्तक पुढे इंग्रजी झालं तेव्हा मी एकेक वाक्य मराठीत करून सांगायला लागलो. तू लाटता लाटता विचारायचीस, "म्हणजे काय?" मी सांगायचो. तू परत विचारायचीस, "हो, पण म्हणजे काय?" आणि मग माझ्या लक्षात यायचं की मलाच कळलेलं नाही. परत वाचायचो. कॉलेजातली मुलं क्लासला जात होती. माझा क्लास म्हणजे तुझं 'म्हणजे काय'. हे तुला कधी सांगितलं नाही. वाटायचं, तुला माहीतच असेल.

बारावी झाल्यावर बाबा म्हणाले, अंबरनाथला एका कंपनीत ओळख आहे, चिकटून जा. त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पुढे काय असतं, हे कोणाला माहीत नव्हतं. तू पिठाच्या हातांनी आमच्या दारात येऊन उभी राहिलीस.

"भाऊजी, कंपनी कुठे पळून चाललीय का? ती तिथेच राहणार आहे. पोराचं वय राहील का?"

बाबा चार दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, जा, भर तो फॉर्म, नाहीतर ती बाई रोज दारात येईल.

मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं आणि चाळीत डॉक्टर झालो. लोक खरंच औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन यायचे. शिंदेकाका गुडघा दाखवायचे. मी सुरुवातीला सांगायचो, काका, मी डॉक्टर नाही, होणारही नाही. मग सांगायचं सोडलं. चिठ्ठी वाचून दाखवायचो, थोडंफार सांगायचो. लोक ऐकायचे. माझं ऐकणारं कोणी असेल, ही गोष्ट मला नवीन होती. तू मात्र दारातून ओरडायचीस, "अहो काका, तो डॉक्टर नाही, तो जंतूंचा मास्तर आहे. गुडघ्यात जंतू झाले की या."

आपलं मोठं भांडण बुरशीवरून होतं. पावसाळ्यात तीन-चार दिवसांची झड लागली आणि मधे दोन तास ऊन पडलं की तू सगळे डबे रिकामे करायचीस. भाभींचे पापड, घरचे पापड, सगळे खाटेवर. एकालाही डाग नसायचा. मी म्हणायचो, मावशी, चांगले आहेत ते, कशाला उगाच काढतेस. तू म्हणायचीस, "डाग दिसला म्हणजे ती आत घर करून बसली. मग ऊन काय करणार? डाग दिसायच्या आधी ऊन दाखवायचं असतं."

मी तुला समजावायचो की बुरशी पापडात आधीपासून नसते, तिचे कण हवेतून येऊन बसतात. तू म्हणायचीस, कुठूनही येऊ दे, बसते की नाही? बसते. मग दिसायची वाट कशाला बघायची? पण मी हार मानायचो नाही. माझ्याकडे पुस्तक होतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक प्रयोग होता. माणसाच्या तोंडात, आतड्यात एक बुरशी राहते. तिला रक्तातल्या पाण्यात घालून, अंगाच्या उबेइतक्या उबेत दोन-तीन तास ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ती नेहमीची, सगळ्यात जास्त आढळणारी जात असेल, तर तिच्या गोल कणाला बारीक शेपटी फुटते. दुसऱ्या जातीची असेल तर फुटत नाही. माझ्या काचेवर शेपट्या फुटल्या. मी वहीत चित्र काढलं, मॅडमनी खाली लाल शाईने 'छान' लिहिलं. घरी येऊन तुला वही दाखवली.

"शेपटी?" तू म्हणालीस. "बुरशी आहे का उंदीर?"

मग वही तोंडाजवळ धरून खूप वेळ ते चित्र बघत बसलीस. म्हणालीस, "एवढीशी आहे, पण जायचं तिकडे जाते वाटतं." मी म्हटलं, बरोबर, ती तशीच आत घुसते. तू वही मिटून माझ्या हातात दिलीस आणि हात परत पिठात घातलास.

तुझा आजार पहिल्यांदा भाभींच्या लक्षात आला, आपल्या कोणाच्या नाही. त्या म्हणाल्या, "विमल, तेरे पापड मोटे क्यूं हो रहे हैं?" वीस वर्षांत तुझा पापड जाड झाला नव्हता. तू म्हणालीस, लाटणं जड वाटतंय. दंडावर निळे डाग दिसायला लागले, ते तू लाटण्यावर ढकललेस. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते दातवणावर. मग एक दिवस कॅम्पातच चक्कर येऊन पडलीस. तिथल्या डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे कळलं की रक्ताचा कॅन्सर आहे.

केमोच्या पहिल्या फेरीला तू महिनाभर वॉर्डात होतीस. केस गेले. तोंडात पांढरा थर आला, दह्याच्या सायीसारखा, आणि पाणीसुद्धा गिळवेना. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही बुरशी आहे. मला ते ऐकून, लाज वाटते सांगायला, थोडं ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी त्यांना म्हटलं, मॅडम, आम्हाला आहे ही अभ्यासाला. त्या हसल्या. तुला औषध दिलं, थर गेला. फेरी पार पडली. तू घरी आलीस, डोक्याला रुमाल बांधून गॅलरीत बसलीस आणि कावळे हाकलेस. आम्हाला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी तुला लवकर सोडलं, वॉर्डात जागा नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला आणि सुनिताला उभं करून सांगितलं. आता आठ-दहा दिवस हिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतील. बाहेरून येणाऱ्याला अडवणारं कोणी नसेल. मागच्या वेळी तोंडात बुरशी झाली होती, ती या वेळी आतड्यातून किंवा सलाईनच्या नळीतून रक्तात उतरू शकते, आणि रक्तात उतरली की आमच्या हातात फार थोडं उरतं. म्हणून ही कॅप्सूल. आपल्याकडे नवीन आलीय. ताप नसला, तोंड स्वच्छ असलं, तरी रोज द्यायची. ताप आलाच तर वाट न बघता निघायचं.

मी ते सगळं ऐकलं. समजलंही. मान हलवली. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मला कोणी म्हणू नये की त्याला कळलं नव्हतं.

चाळीत संडास सामाईक, म्हणून सुनिताने तुला बदलापूरला बेलवलीत तिच्या घरी नेलं. मी कॉलेज सुटलं की यायचो. तिसऱ्या दिवशी आलो तर तू बादलीशी वाकून बसली होतीस. सुनिता पाठ चोळत होती. ती म्हणाली, "प्रकाश, बाकीच्या गोळ्या ठीक आहेत रे. ही एक घेतली की आई सगळं ओकून टाकते. पेज पण राहत नाही पोटात. ही थोडे दिवस बंद केली तर चालेल का?"

मी तुला तोंड उघडायला सांगितलं. बॅटरी मारून बघितलं, खऱ्या डॉक्टरसारखं. जीभ स्वच्छ होती. कुठे पांढरं नव्हतं. त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला शिकवलं होतं की गरज नसताना औषध दिलं की जंतू निर्ढावतात, मग खरी गरज लागते तेव्हा ते औषध चालत नाही. तो धडा चूक नव्हता. तो तुझ्यासाठी नव्हता, एवढंच. मी तो तुला सांगितला, जसाच्या तसा.

तू उशीला टेकलीस, तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "पण पापडाला डाग पडल्यावर ऊन दाखवतात का रे?"

"मावशी, तू काय पापड आहेस?"

"नाही, पण बुरशी तीच ना? शेपटीवाली?"

"हो. पण तुझ्या तोंडात नाहीये ती आता. रोगच नाही तर औषध कशाला? पुस्तकात आहे हे."

तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस. तुझ्याकडे अजून बोलायला होतं, मला दिसत होतं. पण तू थकली होतीस. म्हणालीस, "बरं बाबा. तू शिकलेला."

सुनिताने कॅप्सूलची पट्टी डब्यात टाकून झाकण लावलं. आठवीपासून तुझ्याशी घातलेल्या सगळ्या वादांत मी तो एकच जिंकलो. आणि मला बरं वाटलं, मावशी. तुझं ओकणं थांबेल म्हणून वाटलं, हे खरंच आहे. पण जिंकलो म्हणूनही वाटलं.

हॉस्पिटलचा नंबर कागदावर होता. बदलापूर स्टेशनबाहेर फोनचं बूथ होतं, मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. एक फोन करून विचारता आलं असतं. मी केला नाही. त्या बाई मराठी बोलायच्या, पण त्यांच्या जागी दुसरं कोणी फोनवर आलं आणि इंग्रजीत बोलायला लागलं तर माझी फजिती होईल, असं वाटलं. याशिवाय दुसरं कारण नव्हतं. मी खूप शोधलं.

नऊ दिवस तू ती कॅप्सूल घेतली नाहीस. ते दिवस चांगले गेले, हे पण लिहायला हवं. तू पेज खाल्लीस, एकदा भात खाल्लास. नातवाला मांडीवर घेतलंस. पीठ नव्हतं तरी त्याला हवेत लाटणं फिरवून दाखवलंस. मी आलो की म्हणायचीस, "या डॉक्टर." मी मनातून खूश व्हायचो. दहाव्या दिवशी सकाळी ताप आला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कॅप्सूल रोज घेत होता ना?"

तू माझ्याकडे बघितलंस. फार नाही, एकदाच. मग त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "हो."

त्यांनी कागदावर तसं लिहिलं. मी ते लिहिताना बघत होतो. सुनिता पोराला घेऊन बाहेर बाकावर होती.

रक्त तपासायला पाठवलं, बाटल्यांत भरून. त्यात काही उगवतं का ते बघायला वेळ लागतो. तोपर्यंत जंतूंवरचं औषध शिरेतून सुरू केलं. ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले. डॉक्टरीणबाई त्यांना सांगत होत्या, ताप हटत नाही, बुरशीचं औषध सुरू करायचं का. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितला. म्हणाले, कॅप्सूल चालू होती ना हिला, मग बुरशी कमी संभवते, आणि ते औषध मूत्रपिंडाला फार जड जातं. अजून दोन दिवस हेच बघू.

मी तुझ्या पायाशी उभा होतो. त्यांच्यापासून चार हातांवर. तोंड उघडलं तर त्यांना ऐकू गेलं असतं. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू उशीवरच मान हलवलीस. नको.

ते पुढच्या खाटेकडे गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, मी जाऊन सांगतो त्यांना."

"काय सांगणार?"

"की तू घेत नव्हतीस. मी बंद करायला लावली."

"तू सांगितलंस, पण तोंड तर माझं होतं ना? मी नाही खाल्ली. माझं मी बघीन." मग श्वास घेऊन म्हणालीस, "जंतूंचा मास्तर पहिल्याच पेपरात नापास झाला असं कळलं तर भाऊजी तुला कंपनीत चिकटवतील."

मी हसलो. तू हसवलंस म्हणून हसलो. आणि गप्प बसलो. ते दोन दिवस मी गप्प होतो, मावशी. तू नको म्हणालीस म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत होतो. पण तू नको म्हणाली नसतीस, तरी मी बोललो असतो का, याची मला खात्री नाही. त्या बाईंना मी आमच्या अभ्यासाचं कौतुक सांगितलं होतं. त्यांच्यासमोर मला मूर्ख ठरायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यांनी दुसरं औषध लावलं. पिवळं सलाईन, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेलं. ते रक्तात जायला लागलं आणि तुला हुडहुडी भरली. खाट हलत होती. दोन घोंगड्या घातल्या, मी वरून हातांनी दाबून धरलं. तुझे दात वाजत होते. त्यातून तू म्हणालीस, "प्रकाश, जरा ऊन दाखव रे मला."

खिडकी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. खाट सरकवता येत नव्हती. मी घोंगडी दाबून धरली, एवढंच केलं.

पुढचे तीन दिवस मी लिहिणार नाही.

तू गेल्यावर, सगळं उरकल्यावर, मी एकटा हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाई वऱ्हांड्यात टेबलाशी काही लिहीत होत्या. उभ्या उभ्याच मी सगळं सांगितलं. नऊ दिवस, बॅटरी, पुस्तक, तुझं 'हो', राउंडच्या वेळचं गप्प राहणं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

त्यांनी समोरची खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, "आमचंही चुकतं. 'घेत होता ना?' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. पट्टी दाखवा म्हणायला हवं." पुढे म्हणाल्या, "हे बघ, ती घेऊनही काही जणांना होतं. ती काही हमी नव्हे. शिवाय बुरशीच्या काही जातींवर ही कॅप्सूल चालतच नाही. हिच्या रक्तात बुरशी उगवलीय, एवढं कळलंय. कुठली, ते खालच्या लॅबमधून यायचंय."

मी विचारलं, "शेपटी फुटते का ते बघतात का तिथे?"

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "हो. तेच बघतात पहिल्यांदा. फुटली तर नेहमीची जात. तिच्यावर कॅप्सूल चालते, बहुतेक वेळा. नाही फुटली, तर मग दुसरी कुठली तरी." आणि थांबून म्हणाल्या, "तुला नक्की कळायला हवंय का हे?"

मी हो म्हटलं. आमच्याकडे फोन नाही, म्हणून भाभींच्या दुकानाचा नंबर दिला. म्हटलं, दुकानात बाकी काही सांगू नका, फक्त शेपटी फुटली की नाही, एवढंच. मला कळेल.

त्याला आता बारा दिवस झाले. रोज कॉलेजातून येताना कॅम्पात भाभींच्या दुकानावरून वाकडी वाट करून येतो. भाभी समजतात, मी त्यांना भेटायला येतो. चहा देतात, तुझ्या गोष्टी काढतात. तुझं लाटणं त्यांनी गल्ल्याच्या मागे ठेवलंय, कोणाला वापरू देत नाहीत. म्हणतात, "नई लडकियां आई हैं, पर विमल जैसा कोई नहीं बेलती. उसका पापड पकड के अखबार पढ लो."

सुनिताकडे एकदा गेलो. तिने चहा केला. गोळ्यांचा डबा फळीवर तिथेच होता, मी त्याच्याकडे बघितलं, तिनेही बघितलं. दोघांनीही खाली उतरवला नाही. निघताना तिने पोराला सांगितलं, "मामाला टाटा कर." तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण ते तिला सांगायचा मला हक्क नाही. तिनेच विचारलं होतं आणि मीच उत्तर दिलं होतं. तीही मनात रोज त्याच प्रश्नापाशी येऊन थांबत असेल.

कॉलेजात मी जातो. त्या प्रयोगाची वही कपाटात आहे, लाल शाईतल्या 'छान'सकट. पुढच्या टर्मला तो प्रयोग परीक्षेला आहे. सगळे म्हणतात, तुला सोपा जाईल.

मी शेपटी फुटू नये म्हणून वाट बघतोय. दुसरं काय मागू, कळत नाही. फुटली नसेल, तर तू कॅप्सूल घेतली असतीस तरी गेलीच असतीस, आणि मग तुला वाचवायला कोणाकडेच काही नव्हतं. माझ्यासाठी मी तेच मागतोय. ज्यात तुझ्यासाठी काहीच उरत नाही, ते मागतोय. हे मागणं कसलं आहे, ते तू असतीस तर मला विचारलं असतंस. म्हणाली असतीस, "हो, पण म्हणजे काय?"

तुझ्याशी एक भांडण राहिलं आहे. तू त्या दिवशी 'बरं बाबा' का म्हणालीस? पुस्तक कसं चुकतं ते तुला माहीत होतं. वीस वर्षं तू दर पावसाळ्यात डाग नसलेले पापड खाटेवर काढत होतीस. एकदा ओरडली असतीस, की गप रे, आण ती गोळी, तर मी आणली असती. तू मला शिकवलंस, कंपनीतून ओढून काढलंस आणि मग जे तुला माझ्याहून चांगलं कळत होतं त्यात माझं ऐकलंस. मी शिकलेला होतो म्हणून. तुझ्यावर राग येतो कधीकधी, मावशी. तो कुठे ठेवू, कळत नाही.

वरचं लिहून चार दिवस झाले.

आज दुपारी दुकानावर गेलो. ऊन होतं. भाभींनी फुटपाथवर दोन खाटा टाकल्या होत्या आणि नव्या मुली पापड पसरत होत्या. मला बघून भाभींनी गल्ल्यावरून हात केला.

"प्रकाश, इधर आ. वो अस्पताल से मॅडम का फोन आया था सुबह को. बोली, प्रकाश को बोलना, पूंछ निकली थी. मैं बोली, कौनसी पूंछ, किसकी पूंछ? बोली, वो समझ जाएगा."

मी उभाच होतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"अच्छी खबर है ना, बेटा?"

मी हो म्हणालो, मावशी.